पुढच्या लॅपटॉपकडून काय मागावं?

लॅपटॉप घ्यायचा ठरला की घरात मागण्यांची यादी तयार होते. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला चार्जर सोबत न्यायचा नसतो. घरून काम करणाऱ्याला मीटिंग चालू असताना पंख्याची घरघर नको असते. दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्याला पेन ड्राइव्ह, प्रिंटर आणि माउस एकाच वेळी जोडता आले पाहिजेत. पैसे देणाऱ्याची मागणी याहून साधी असते: घेतलेली वस्तू सात-आठ वर्षं चालावी.

अशी यादी पाहिली की वाटतं, हे सगळं भविष्यात कधीतरी होईल. खरं तर त्यातलं बरंचसं आजच बाजारात आहे. काही गोष्टी तर आपल्याकडे होत्या आणि मध्येच गेल्या. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. त्याची बॅटरी आत बंद होती आणि रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली होती. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ या नावाने पातळ लॅपटॉपची मोहीमच काढली आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. लॅपटॉप किती पातळ आहे हे दुकानात चटकन दिसतं. बॅटरी सहज बदलता येत नाही, हे कळायला तीन वर्षं जावी लागतात. साहजिकच, दिसणारी गोष्ट विकली गेली.

म्हणून आपल्या मागण्यांचे तीन कप्पे करावेत. पहिल्या कप्प्यात आज मिळतं ते ठेवावं आणि खरेदी करताना त्यावर अडून बसावं. दुसऱ्यात येऊ घातलेल्या गोष्टी ठेवाव्यात, जुनं यंत्र चालत असेल तर त्यांची वाट पाहायला हरकत नाही. तिसऱ्यात प्रदर्शनात शोभणाऱ्या गोष्टी टाकाव्यात आणि त्यांच्यासाठी खरेदी लांबवू नये. एकेक मागणी घेऊन पाहू.

बॅटरी: तासांऐवजी वॅट-अवर विचारा

जाहिरातीत ‘१८ तास बॅटरी’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा बहुधा पडद्याचा उजेड कमी ठेवून, एकच व्हिडिओ सलग चालवून काढलेला असतो. आपण मात्र ब्राउझरच्या वीस खिडक्या, व्हिडिओ कॉल आणि एक्सेल एकाच वेळी चालवतो. त्यामुळे माहितीपत्रकात बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये किती दिली आहे ते शोधावं. रोजच्या कामात यंत्र साधारण ८ ते १० वॅट ओढतं असं धरलं, तर ४२ वॅट-अवरची बॅटरी चार-पाच तास चालेल आणि ७० वॅट-अवरची सात-आठ तास. हा साधा भागाकार जाहिरातीपेक्षा जास्त भरवशाचा आहे.

बॅटरी मोठी करत नेण्यालाही मर्यादा आहे. विमानात खास परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची हद्द १०० वॅट-अवर आहे, त्यामुळे लॅपटॉप कंपन्या त्याच्या अलीकडेच थांबतात. खरी बचत प्रोसेसरने केली. २०२० मध्ये ॲपलने एम१ आणला, २०२४ मध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन एक्स मालिका आणि इंटेलचा लुनार लेक आला, आणि एका चार्जवर कामाचा दिवस निघणं शक्य झालं. ही मागणी पहिल्या कप्प्यात टाकायला हरकत नाही, फक्त त्यासाठी चार पैसे जास्त मोजावे लागतात.

बॅटरी बदलता येण्याचं काय? २०१८ च्या थिंकपॅड टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या होत्या, एक आत आणि एक मागच्या बाजूला खटक्यावर बसणारी. बाहेरची संपली की ती काढून दुसरी बसवायची. तेवढा वेळ आतली बॅटरी यंत्र चालू ठेवत असल्यामुळे उघडलेली फाइल बंदही करावी लागत नसे. पुढच्या मॉडेलात ही सोय गेली. आता युरोपीय संघाच्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. तिथल्यासाठी बदललेली रचना इतर बाजारांतही पोचण्याची शक्यता बरीच आहे, कारण एकाच मॉडेलचे दोन निराळे सांगाडे बनवणं कंपनीला परवडत नाही.

तोवर दुकानात तीन प्रश्न विचारावेत. मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का? बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवली आहे? तीन वर्षांनी मूळ बॅटरी मिळेल का आणि आज तिची किंमत काय? शिवाय बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. लॅपटॉप दिवसभर प्लगला लावून वापरत असाल तर ती पहिल्याच दिवशी सुरू करा. लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. पुढेमागे टचपॅड वर उचलला गेलेला दिसला किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगली असं समजावं. वापर लगेच थांबवावा. तिला दाबायला किंवा टोचायला जाऊ नये.

रॅम आणि साठवण: एका ओळीत सगळं कळतं

रॅम वाढवता यावी ही मागणी जुनीच आहे. तिचं उत्तर माहितीपत्रकातल्या एका ओळीत असतं. ‘८ जीबी ऑनबोर्ड + १ स्लॉट’ असं लिहिलं असेल तर ८ जीबी कायमची सोल्डर केलेली आहे आणि आणखी एक पट्टी बसवायला जागा आहे. ‘२ स्लॉट’ असेल तर उत्तमच. ‘१६ जीबी एलपीडीडीआर५एक्स’ असं लिहिलं असेल, म्हणजे नावाच्या सुरुवातीला ‘एलपी’ असेल, तर ती रॅम जवळजवळ नक्कीच सोल्डर केलेली असते. घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत.

यामागे निव्वळ कंपन्यांचा लबाडपणा आहे असं नाही. एलपी प्रकारची रॅम कमी वीज खाते आणि वेगाने चालते, पण त्यासाठी ती प्रोसेसरच्या अगदी जवळ असावी लागते. स्लॉटमधल्या पट्टीपर्यंतचं अंतर तिला झेपत नाही. यावर एलपीकॅम२ नावाचा उपाय निघाला आहे. यात रॅमची चपटी पट्टी स्क्रूने दाबून थेट बोर्डावर बसवतात. त्यामुळे अंतर कमी राहतं आणि पट्टी बदलताही येते. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने या रचनेचं मानक प्रसिद्ध केलं आणि २०२४ मध्ये थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत ती आली. अजून ती महागड्या यंत्रांतच दिसते, म्हणून हिला दुसऱ्या कप्प्यात ठेवू.

आज घेताना सोल्डर केलेली रॅम असेल तर १६ जीबीच्या खाली जाऊ नये. स्लॉट असेल तर ८ जीबीवर सुरुवात करून पुढे वाढवता येईल, पण भावाचा भरवसा धरू नका. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीला मागणी वाढली आणि रॅमचे भाव कडाडले. ‘पुढच्या वर्षी स्वस्तात टाकू’ म्हणणारे त्यात अडकले. एसएसडीच्या बाबतीत मात्र परिस्थिती बरी आहे. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये ती एम.२ स्लॉटमध्ये बसते आणि एका स्क्रूवर बदलता येते. दुसरा एम.२ स्लॉट रिकामा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

एक चार्जर, एक केबल

घरात मोबाइलचा, टॅबलेटचा आणि लॅपटॉपचा एकच चार्जर असावा, ही मागणी आता पुरी होऊ लागली आहे. यूएसबी पॉवर डिलिव्हरीच्या २०२१ च्या सुधारणेनंतर टाइप-सी केबलमधून २४० वॅटपर्यंत वीज देता येते. म्हणजे मोठा गेमिंग लॅपटॉप सोडला तर सगळ्यांची सोय झाली. युरोपीय संघाने मोबाइलसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासून टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं.

तरीही खरेदी करताना डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण लॅपटॉपला टाइप-सीचं भोक आहे म्हणजे त्यातून चार्जिंग होईलच असं नाही. स्वस्त मॉडेलांत ते फक्त डेटासाठी असतं आणि चार्जर गोल पिनचा निघतो. माहितीपत्रकात त्या पोर्टपुढे ‘पॉवर डिलिव्हरी’ आणि ‘डिस्प्लेपोर्ट’ हे दोन्ही शब्द आहेत का ते पाहा. दुसरा असेल तर त्याच केबलने बाहेरचा मॉनिटरही जोडता येतो. पोर्ट डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना असतील तर त्याची किंमत भिंतीवरचं बटण नेमकं उलट्या बाजूला असताना कळते.

केबलचंही तसंच आहे. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच वीज नेते. त्यापुढे आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. ‘चार्जर १०० वॅटचा आहे, तरी हळू का चार्ज होतं?’ या तक्रारीचं मूळ बरेचदा दुसऱ्याच केबलमध्ये असतं. शेवटची गोष्ट प्लगची. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर हात ठेवला की कधीकधी झिणझिण्या येतात. दोन पिनांचा चार्जर किंवा अर्थिंग नसलेलं सॉकेट हे त्याचं नेहमीचं कारण. तीन पिनांची वायर असलेला चार्जर घ्या आणि घरातलं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

पडदा: उन्हात दिसला पाहिजे

गच्चीवर, एसटी स्टँडवर, शेताच्या बांधावर लॅपटॉप उघडला की पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. उन्हात वाचता येणारा पडदा ही फार जुनी मागणी आहे आणि ती एकदा पुरी झालेलीही आहे, तीही लहान मुलांच्या लॅपटॉपमध्ये. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाच्या एक्सओ-१ या यंत्राचा साडेसात इंची पडदा मेरी लू जेप्सन यांनी घडवला होता. मागचा दिवा बंद केला की तो कृष्णधवल होई आणि ऊन पडेल तितका स्पष्ट दिसे. भारतातले पहिले एक्सओ २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेत पोचले होते. त्या यंत्राचा कीबोर्ड धूळ-पाणी न शिरणारा होता आणि जास्तीचे स्क्रू हँडलमध्येच ठेवलेले होते. प्रकल्पाचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे. पण मुलांसाठी केलेल्या त्या स्वस्त यंत्रात जे होतं, ते आजच्या लाखाच्या लॅपटॉपमध्ये नसतं.

आज आपल्या हाती आहे तो निट्सचा, म्हणजे पडद्याच्या उजेडाचा, आकडा. स्वस्त लॅपटॉपचा पडदा २५० निट्सचा असतो. ट्यूबलाइटखाली तेवढा पुरतो, पण खिडकीपाशी बसलं की कमी पडतो. ४०० निट्स आणि मॅट पृष्ठभाग असेल तर दिवसाउजेडी काम होतं. लख्ख उन्हासाठी ५०० च्या पुढे जावं लागतं. ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेला पडदा फिकट रंगांचा असतो. फोटो किंवा डिझाइनचं काम असेल तर ‘१०० टक्के एसआरजीबी’ शोधा. ओलेड पडद्यांचे रंग सुरेख असतात, पण त्यांतले काही पडदे कमी उजेडावर बारीक लुकलुकतात आणि काहींचे डोळे त्याने दुखतात. दुकानात उजेड अगदी कमी करून दहा मिनिटं वाचून पाहा. आणि लिहिण्या-वाचण्याचं काम जास्त असेल तर १६:९ ऐवजी १६:१० प्रमाणाचा, थोडा उंच पडदा घ्या. पानाच्या दोन-तीन ओळी जास्त दिसतात आणि सारखं खाली सरकवावं लागत नाही.

उन्हाळा, धूळ आणि बिजागरी

अनेक कंपन्या आपला लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावा असं स्वतःच लिहून ठेवतात. नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. एसी नसलेल्या खोलीतही तो ३५ च्या वरच असतो. म्हणजे विदर्भातला लॅपटॉप वर्षातले निदान दोन महिने कंपनीच्या हद्दीबाहेर चालतो. अशा हवेत प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि आपण ‘लॅपटॉप हँग होतो’ म्हणतो.

ज्यांचं काम लेखन, ब्राउझर आणि कॉल यांपुरतं आहे, त्यांना बिनपंख्याचे लॅपटॉप आज मिळतात. पंखा नाही म्हणजे आवाज नाही आणि आत धूळ ओढलीही जात नाही. पण भर उन्हाळ्यात जड काम दिलं तर ते लवकर मंदावतात. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात जड सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी पंख्याचाच, आणि हवा मागच्या किंवा कडेच्या बाजूने सोडणारा लॅपटॉप घ्यावा. तो गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये आणि वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा. कोकणात आणि गोव्यात शत्रू दमट हवा असते. तिथे पावसाळ्यात लॅपटॉप आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालू केला की आतला ओलावा निघून जातो.

याद्यांत क्वचितच दिसणारी, पण दुरुस्तीच्या टेबलावर वारंवार येणारी गोष्ट म्हणजे हिंज. पडद्याची ही बिजागरी प्लास्टिकच्या बुंध्यात बसवलेल्या पितळी नटांवर आवळलेली असते. झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा जोर त्या बाजूच्या नटांवर येतो. मग एक दिवस कट्ट असा आवाज होतो, नट प्लास्टिकसकट उपटतात आणि पॅनल कडेने उघडतं. कारागीर ॲरल्डाइट लावून देतो, पण ते फार दिवस टिकत नाही. शेवटी अख्खं पॅनल बदलावं लागतं. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत कीबोर्डही वरच्या पॅनलला वितळवलेल्या प्लास्टिकच्या रिव्हेटांनी जोडलेला असतो. एक कळ गेली तरी ते सगळे रिव्हेट काढावे लागतात, नाहीतर कीबोर्डसकट पॅनल बदलावं लागतं.

यावर उपाय नवा नाही: धातूचा आतला सांगाडा आणि वेगळा निघणारा कीबोर्ड. दुकानात पडदा मधोमध धरून उघडा. तो डगमगत असेल, किंवा उघडताना खालचा भागही सोबत वर येत असेल, तर जपून. ‘एमआयएल-एसटीडी-८१०एच’ असा शिक्का दिसला म्हणून भारावूनही जाऊ नये. अमेरिकन लष्कराच्या या मानकात अनेक चाचण्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या हे कंपनीच ठरवते. कोणत्या केल्या ते वाचा.

मराठी कळा

देवनागरीसाठीची इनस्क्रिप्ट मांडणी १९९१ पासून भारतीय मानक आहे. विंडोज, मॅक, लिनक्स या सगळ्यांत ती आधीपासून असते. तरीही देवनागरी अक्षरं छापलेला कीबोर्ड असलेला लॅपटॉप दुकानात मागून पाहा, दुकानदार स्टिकर काढून देतो. स्टिकर घामाने सुटतात आणि कळांमधून उजेड येत असेल तर तो झाकतात. कीबोर्डवर नवं चिन्ह छापणं अवघड असतं असंही नाही. १५ जुलै २०१० ला रुपयाचं चिन्ह ठरलं आणि काही वर्षांत ते चारच्या कळीवर आलं. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलटसाठी एक नवीन कळ आणली आणि ती वर्षभरात जगभरच्या लॅपटॉपवर दिसू लागली. ज्यासाठी विचारणा होते त्याला जागा मिळते. मराठी कळांसाठी तेवढ्या जोराने कोणी विचारलेलं नाही.

तोपर्यंत दोन सोयी आजच वापरता येतील. विंडोज १० आणि ११ च्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्टबरोबर ‘मराठी फोनेटिक’ हाही पर्याय मिळतो. त्यात रोमन अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटतं. रोज भरपूर मराठी लिहिणाऱ्यांनी मात्र इनस्क्रिप्ट शिकावं. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे अशी तिची आखणी आहे. ‘र’ ज्या कळीवर आहे त्याच कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो आणि ‘ल’च्या कळीवर शिफ्टसह ‘ळ’. ‘दऱ्या’ किंवा ‘सुऱ्या’ लिहिताना अडणाऱ्यांना हे दोन बोटांचं काम पुरतं.

एआयचा शिक्का किती मनावर घ्यावा?

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस पीसी’ हा वर्ग जाहीर केला. त्यात येण्यासाठी किमान १६ जीबी रॅम आणि एआयच्या कामासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा वेगळा भाग, म्हणजे एनपीयू, लागतो. त्याचा उपयोग आज मुख्यतः कॉलमधली पार्श्वभूमी पुसणं, आवाजातला गोंगाट काढणं, बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणं अशा कामांत दिसतो. ही कामं प्रोसेसरवरून उतरल्यामुळे बॅटरी वाचते, एवढा फायदा नक्की आहे. पण चॅटजीपीटीसारख्या सेवा इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर चालतात आणि त्या तुमच्या जुन्या लॅपटॉपवरही तशाच चालतील. फक्त शिक्क्यासाठी बजेट वाढवू नका. या वर्गाचा एक आडून झालेला फायदा म्हणजे १६ जीबी रॅम, तो मात्र घ्यावा.

खासगीपणाची मागणी एआयबरोबर वाढली आहे. पडद्याची चित्रं सतत साठवून ठेवणाऱ्या ‘रिकॉल’ या सोयीवर २०२४ मध्ये इतकी टीका झाली की मायक्रोसॉफ्टला ती लांबवावी लागली. नंतर ती आली ती वापरणाऱ्याने स्वतः सुरू केली तरच चालेल अशा अटीवर. लोकांनी आरडाओरडा केला की कंपनी मागे येते, हे यातून दिसलं. कॅमेऱ्यावर सरकतं झाकण असलेला लॅपटॉप आज सहज मिळतो. कॅमेरा १०८०पी असावा. ७२०पी कॅमेऱ्यातून संध्याकाळच्या उजेडात चेहरा धूसर दिसतो.

घडीचे, गुंडाळीचे, उन्हावर चालणारे

लेनोवोने २०२० मध्ये घडीच्या पडद्याचा थिंकपॅड एक्स१ फोल्ड आणला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने १४ इंचांवरून १६.७ इंचांपर्यंत वर सरकणाऱ्या पडद्याचा थिंकबुक दाखवला. किंमत जाहीर केली ३,४९९ डॉलरपासून पुढे. मार्च २०२५ मध्ये बार्सिलोनात तिने झाकणावर सौर पट्ट्या बसवलेला योगा लॅपटॉप ठेवला. वीस मिनिटांच्या उन्हावर तासभर व्हिडिओ चालेल असा तिचा दावा होता. ऊन आपल्याकडे मुबलक आहे, पण ज्या उन्हात झाकण ठेवायचं त्याच उन्हात आतली बॅटरीही तापणार. या सगळ्या वस्तू तिसऱ्या कप्प्यातल्या. पाहायला मजा येते, पण लेकीचं कॉलेज जूनमध्ये सुरू होणार असेल तर त्यांच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

दुरुस्तीचा हक्क कुठवर आलाय?

२०२१ मध्ये अमेरिकेत फ्रेमवर्क या छोट्या कंपनीने एक लॅपटॉप काढला. त्यातले पोर्टसुद्धा डबीसारखे काढून बदलता येतात आणि पुढच्या वर्षी नवा मदरबोर्ड घेऊन तो जुन्याच सांगाड्यात बसवता येतो. पातळ लॅपटॉप दुरुस्त करण्याजोगा बनवता येत नाही, हा युक्तिवाद त्यामुळे निकालात निघाला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे गुण दहापैकी किती ते लिहावं लागतं. सुटे भाग मिळतात का, ते महाग आहेत का आणि यंत्र उघडायला किती सोपं आहे, यावरून ते ठरतात. तेच मॉडेल आपल्याकडेही विकलं जात असेल तर हे गुण इंटरनेटवर सापडतात आणि फुकटात मार्गदर्शन होतं.

भारतात ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची सेवा केंद्रं आणि वॉरंटीची माहिती तिथे एकत्र मिळते. २०२५ मध्ये खात्याच्या समितीने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीच्या निर्देशांकाचा अहवाल दिला. वॉरंटीवरून अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

जुना लॅपटॉप टाकण्याआधीही थोडा विचार करा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी चांगली चालती यंत्रं एका दिवसात ‘जुनी’ ठरली. अशा यंत्रात एसएसडी टाकून लिनक्स बसवलं तर मुलांच्या अभ्यासाला, बिलं करायला ती आणखी काही वर्षं पुरतात. टाकायचंच असेल तर भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्या. कंपन्यांवर तशी जबाबदारी टाकणारे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

दुकानात जाताना खिशात ठेवायची यादी

लॅमिंग्टन रोड असो, तपकीर गल्ली असो की ऑनलाइन सेल, हे प्रश्न सगळीकडे चालतात:

१. बॅटरी किती वॅट-अवरची? स्क्रूने बसवलेली की चिकटवलेली?
२. रॅम ऑनबोर्ड किती, मोकळे स्लॉट किती? एम.२ स्लॉट किती?
३. टाइप-सी पोर्टवर पॉवर डिलिव्हरी आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही आहेत का?
४. पडदा किती निट्सचा? मॅट की ग्लॉसी?
५. कीबोर्ड एकटा बदलता येतो का?
६. वॉरंटी कार्यालयात येऊन दुरुस्तीची की सेवा केंद्रात नेऊन देण्याची? आपल्या जिल्ह्यात सेवा केंद्र आहे का?
७. मी स्वतः रॅम किंवा एसएसडी टाकली तर वॉरंटी राहते का? हे लेखी द्याल का?

विक्रेत्याला उत्तरं माहीत नसतील तर पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. झाकण कसं उघडायचं याची चित्रं कंपनीने स्वतः दिली असतील तर अर्धं काम झालं. बजेट आखडतं असेल तर कात्री लावायची क्रमवारी अशी ठेवा: आधी एआयचा शिक्का, मग टचस्क्रीन, मग पातळपणा. रॅम, पडदा आणि वॉरंटी यांना शेवटपर्यंत हात लावू नका.

या प्रश्नांना सगळ्यांत चांगली उत्तरं कंपन्यांच्या ‘बिझनेस’ मालिकांत मिळतात: लेनोवोचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक, डेलचे लॅटिट्यूड, ज्यांना आता डेल प्रो म्हणतात. २०२४ च्या थिंकपॅड टी१४ ला आयफिक्सिट या दुरुस्तीचे गुण देणाऱ्या संस्थेने दहापैकी नऊ गुण दिले. त्याच कंपन्यांच्या घरगुती मालिकांत रॅम सोल्डर केलेली आणि कीबोर्ड रिव्हेट मारलेला सापडतो. फरक पडतो तो गिऱ्हाईक कोण यावरून. पाच हजार लॅपटॉप घेणारी कंपनी दुरुस्तीच्या अटी आधी लिहून देते. एक घेणारा रंग विचारतो आणि बॅग फुकट मिळेल का ते पाहतो.

ही ताकद थोडीफार आपल्याकडेही आहे. शाळा, पतसंस्था, ग्रंथालय, सीएचं कार्यालय, गावातले कॉम्प्युटर क्लासेस अशी मंडळी एका वेळी दहा-वीस यंत्रं घेतात. त्यांनी कोटेशन मागवताना ‘प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क’ या ठरलेल्या तीन ओळींखाली आणखी चार लिहाव्यात: बॅटरी स्क्रूने बसवलेली असावी, रॅमला मोकळा स्लॉट असावा, चार्जिंग टाइप-सीवर असावं, पाच वर्षं सुटे भाग मिळण्याची लेखी हमी असावी. एखादा विक्रेता नाही म्हणेल, पण ऑर्डर हवी असलेला दुसरा वितरकाकडे चौकशी करेल आणि वितरक कंपनीकडे. भविष्यातल्या लॅपटॉपसाठीची आपली मागणी कंपनीपर्यंत पोचायला याहून जवळचा रस्ता नाही.